कोण कोणाला सांगतंय? न्यूज, केवायसी, सिबिल आणि आपण



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत प्रत्येक गटाला एक काम दिलं होतं. महिनाभरात कानावर पडतील, कागदावर दिसतील ते इंग्रजी शब्द गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून आणायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, सचिव ताईनं लिहायचं. वह्या आल्या, मी वाचायला बसले. गंमत म्हणजे मिक्सर, कुकर, टीव्ही, मोटार हे शब्द कोणीच लिहिले नव्हते. ते केव्हाच आपले झालेत, ते कोणाला अडवत नाहीत. लिहिले होते ते असे: न्यूज, मेसेज, अपडेट, नोटीस, इन्फर्मेशन, केवायसी, ओटीपी, सिबिल, डेटा, शेअर, फॉरवर्ड. बघा, सगळे एकाच कुळातले. सांगण्याचे, कळण्याचे, कळवण्याचे शब्द. आपण अडतो ते नेमकं इथंच.

आज याच शब्दांवर बोलू. पण शाळेसारखं ‘अमुक म्हणजे तमुक’ असं पाठ करून घेणार नाही. केवायसीचं लांब नाव पाठ असलेल्या बायांचेही पैसे गेलेले आहेत. त्यापेक्षा शब्द समोर आला की एक गोष्ट विचारायची. यात कोण कोणाला सांगतंय? मी त्यांना सांगते आहे, की ते मला सांगताहेत? की माझ्याबद्दल दोघं आपापसात बोलताहेत आणि मला पत्ताच नाही?

त्याआधी लाज काढून टाकू. इंग्रजी शब्द आला की आपल्या बाया पदर तोंडाला लावतात आणि म्हणतात, “मले का मालूम जी.” आता हा ‘मालूम’ तरी कुठला? अरबी भाषेतला. फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. ‘खबर’ अरबी, ‘जाहीर’ अरबी, ‘अर्ज’ अरबी, आपल्या गटाची ‘हजेरी’ तीही तिकडचीच. कुस्तीची ‘तालीम’ आणि आपला ‘मालूम’ हे तर एकाच मुळातून निघालेले, शिकण्याच्या आणि कळण्याच्या. राजदरबाराची भाषा फारसी होती तेव्हा हे शब्द कचेरीतून गावात आले. कचेरीची भाषा पुढे इंग्रजी झाली, आता इंग्रजी शब्द येताहेत. शब्द नेहमी कचेरीच्याच रस्त्यानं गावात येतात. आपल्या पणजीला ‘अर्ज’ परका वाटला असेल, आज तो सातबाऱ्याइतका घरचा आहे.

आणि काही इंग्रजी शब्द तर लांबचे नातेवाईक निघतात. लेकराला इंग्रजी शिकवताना ‘नो’, म्हणजे जाणणे, याच्या स्पेलिंगात सुरुवातीला एक ‘के’ असतो. तो बोलायचा नाही, नुसता लिहायचा. पोरं त्याच्यावर चिडतात. पण जुन्या इंग्रजीत तो ‘के’ बोलत असत, ‘क्नो’ असं काहीसं. आता आपला ‘ज्ञ’ आठवा. ज्ञान, जाणणे आणि तो ‘क्नो’ हे फार जुन्या काळच्या एकाच मुळाचे फाटे आहेत. ‘नोटीस’ही लॅटिनच्या वाटेनं त्याच मुळाशी जाते. ‘डेटा’ हा लॅटिन शब्द, अर्थ ‘दिलेलं’. आपलं ‘देणं’, ‘दान’ आणि ‘दत्त’ हे त्याचेच भाऊबंद. मोबाईलचा डेटा संपला म्हणणारी पोरं दत्ताच्या देवळावरून जाताना हे आठवोत न आठवोत, आपण लक्षात ठेवू. डेटा म्हणजे दिलेलं. कोणी दिलं? आपण. त्यावर पुढे येतेच.

आता ‘न्यूज’. शाळेत कोणीतरी सांगितलेलं असतं की न्यूज म्हणजे इंग्रजीतल्या चार दिशांची चार अक्षरं, चारी दिशांकडून येते ती बातमी. छान वाटतं ऐकायला, पण तसं नाही. ‘न्यू’ म्हणजे नवं, आणि ‘न्यूज’ म्हणजे नवी नवी गोष्ट. हा ‘न्यू’ आणि आपला ‘नवा’ हेही एकाच घरचे. आठवडी बाजारात भेटलेली मामी “का नवीन?” असं विचारते, तेव्हा ती न्यूजच मागत असते. म्हणजे हा शब्द फक्त नवेपणाची हमी देतो, खरेपणाची देत नाही. टीव्हीवर लाल पट्टीत ‘ब्रेकिंग’ आलं, तर त्याचा अर्थ एवढाच की हे आत्ता आलं. खरं आहे का, हे दुसऱ्या ठिकाणी पडताळल्याशिवाय कळत नाही.

मराठी बातमीचा जन्मच मुळी इंग्रजीच्या शेजारी झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं, ते पहिलं मराठी वृत्तपत्र. त्याच्या पानावर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर असे. आपलं गाऱ्हाणं साहेबाला कळावं आणि साहेबाकडची विद्या आपल्याला कळावी, अशी दोन्हीकडून उघडणारी ती खिडकी होती. आणि बातमी हे पुरुषांचं काम असं कोणी म्हणालं तर तानुबाई बिर्जे हे नाव सांगा. पतीच्या निधनानंतर त्यांनी ‘दीनबंधू’ हे सत्यशोधकांचं पत्र चालवलं, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी.

इथे आपल्या रेडिओबद्दल एक सांगायला हवं. बाया विचारतात, “ताई, तुम्ही आपल्या गावच्या बातम्या का सांगत नाही? पुलाचं, दारूचं, का बोलत नाही?” कारण आपल्या देशात सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात, एवढंच. २००६ च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना रेडिओ चालवायची वाट मोकळी केली, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी त्यातूनच उभी राहिली, पण बातमीची आडकाठी तशीच राहिली. आरोग्य, शेती, हवामान, योजना ही झाली ‘इन्फर्मेशन’, ती सांगता येते. ‘न्यूज’ सांगता येत नाही. म्हणजे या दोन शब्दांमधली रेघ कायद्यानं ओढलेली आहे, आणि ती रोज आमच्या माईकसमोरून जाते. लसीकरण कधी आहे हे मी सांगू शकते, मागच्या वेळी लस का आली नाही हे सांगताना जीभ आवरावी लागते. मला हे पटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली म्हटलं आहे की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. मालक जनता आणि बोलायची बंदीही जनतेलाच, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

असो. रेडिओवर जे सांगता येत नाही ते कागदावर मागता मात्र येतं, आणि तिथं ‘इन्फर्मेशन’ हा शब्द कामाचा आहे. माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झाला. महाराष्ट्रात त्याआधीच २००२ साली राज्याचा कायदा झाला होता, त्यासाठी अण्णा हजारेंनी आंदोलन केलं होतं. पण या मागणीची एक मोठी सुरुवात राजस्थानात झाली. मजूर किसान शक्ती संघटनेच्या माणसांनी, त्यात कितीतरी बाया, १९९६ साली ब्यावर गावी ४० दिवस धरणं धरलं. मागणी काय? सरकारी कामांचा हिशोब आणि कामावरचे हजेरीपट बघू द्या. रोजगार हमीवर गेलेल्या कोणत्याही बाईला ही मागणी समजावून सांगावी लागत नाही. मी माती वाहिली, पण कागदावर माझ्या नावापुढे किती दिवस मांडले, ते मला दाखवा.

मराठीत आपण कशालाही माहिती म्हणतो. कायद्यातली माहिती मात्र म्हणजे कचेरीकडे नोंद असलेली गोष्ट. कागद, आदेश, परिपत्रक, अहवाल, करार, हजेरीपट, संगणकातली नोंद. आणि एक फार मोलाची गोष्ट: नमुनासुद्धा. रस्त्याला वापरलेल्या साहित्याचा नमुना मागता येतो. म्हणून “मला घरकुल का दिलं नाही?” असा प्रश्न लिहिला की उत्तर येत नाही, कारण ‘का’ची नोंद कुठल्याच वहीत नसते. तोच प्रश्न असा विचारा: “माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, त्या नोंदीची प्रत द्यावी. घरकुलाच्या मंजूर यादीची व प्रतीक्षा यादीची प्रत द्यावी.” आता कागद आहे, तर तो द्यावाच लागतो.

अर्ज मराठीत चालतो. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही नाही, फक्त दाखला जोडायचा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. कशासाठी पाहिजे हे विचारायचा अधिकार त्यांना नाही. उत्तर ३० दिवसांत, आणि कोणाच्या जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करायचं. आणि ज्या माईला लिहिता येत नाही तिनं मागे राहू नये. तिनं तोंडी सांगावं आणि जन माहिती अधिकाऱ्यानं ते लिहून घ्यायला मदत करावी, असं कायद्यातच आहे. हे किती कार्यालयांत घडतं ते तुम्ही जाणता. पण कलम ६ असं नुसतं म्हणून बघा, खुर्चीतली माणसं सरळ बसतात.

‘नोटीस’ या शब्दाला आपण जरा जास्तच भितो. पोस्टमन किंवा कोतवाल नोटीस घेऊन आला की घरात कोणी मेल्यासारखी शांतता. नोटीस म्हणजे फक्त ‘तुम्हाला कळवलं’. दवंडी हीच नोटीस, कोणी तिला मुनादी म्हणतात. ग्रामसभेची नोटीस आणि तिच्याआधी होणाऱ्या महिला सभेची नोटीस यांना तर आपण जाब विचारायला हवा, लागली नाही तर का लागली नाही म्हणून. एकच सांभाळायचं. नोटीस घेताना सही मागतात, ती ‘मिळाली’ म्हणून असते, ‘मान्य’ म्हणून नसते. म्हणून सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात ‘मिळाली’ आणि तारीख लिहा. मजकूर वेगळाच असेल, ‘मला मान्य आहे’ असं आधीच छापलेलं असेल, तर सही थांबवा आणि कोणाकडून तरी वाचून घ्या. आणि आपण कचेरीत कागद दिला तर त्याची पोच घ्या. पोच म्हणजे आपण त्यांना दिलेली नोटीसच की.

आता येऊ केवायसीकडे. वह्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा हाच शब्द होता. काही जणींनी ‘केवाशी’, ‘केवायची’ लिहिलंय, एका वहीत तर ‘केवायसीबाई’ आहे, म्हणजे बँकेत केवायसी करणारी ताई. मला तो शब्द फार आवडला.

केवायसी ही तीन इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं आहेत: नो युवर कस्टमर. आपल्या ग्राहकाला ओळखा. यात पहिला शब्द तोच, जाणण्याचा. पण कोणी कोणाला जाणायचं? बँकेनं तुम्हाला. हा हुकूम रिझर्व्ह बँकेनं बँकांना दिलेला आहे, तुम्हाला दिलेला नाही. चोरीचा, काळा पैसा खोट्या नावाच्या खात्यात फिरू नये म्हणून खातेदार खरा आहे का, कुठं राहतो, हे बँकेनं तपासायचं. म्हणजे इथं सांगणाऱ्या आपण आणि ऐकणारी बँक.

“एकदा केली होती ना, पुन्हा का मागतात?” हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. कारण ओळख ठरावीक काळानं ताजी करायची असते. कमी जोखमीच्या खात्यांना दर १० वर्षांनी. जनधन योजना २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, आपल्यापैकी कितीतरी जणींची खाती त्याच वेळची. दहा वर्षं भरली, म्हणून सगळ्यांना एकदमच बोलावणं आलं. त्यासाठी २०२५ च्या जुलै ते सप्टेंबरात गावोगावी शिबिरंही झाली. पत्ता वगैरे काहीच बदललं नसेल, तर ‘बदल नाही’ असं लिहून दिलेलं पुरतं, आणि हे काम बँकेच्या प्रतिनिधीकडे, म्हणजे आपल्याकडच्या बँक सखीकडेही होऊ शकतं. कामाचा दिवस बुडवून, जीपचं भाडं भरून तालुक्याला जाण्याआधी गावातच विचारून घ्या. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी ही वेगळी. ती बँकेची नाही, योजनेची आहे, सरकारच्या संकेतस्थळावर करायची. एक केली म्हणजे दुसरी झाली असं होत नाही. या एका गैरसमजामुळे बाया दोन्हीकडे हेलपाटे घालतात.

आता ठगांचं बघा. फोन येतो, “बँकेतून बोलतोय, तुमची केवायसी संपली, खातं बंद होईल, आलेला ओटीपी सांगा.” इथं आपला प्रश्न लावा. केवायसीत बँक आपल्याकडून ऐकते, ते समोरासमोर, कागद बघून, बोटाचा ठसा घेऊन. ओटीपी मात्र उलट्या दिशेनं येतो. तो बँकेच्या यंत्रानं फक्त तुमच्या कानात सांगितलेला परवलीचा आकडा आहे, एका वेळेपुरता. ती कोठीची किल्ली समजा. बँकेच्या माणसाला कोठी उघडायची तर त्याला तुमच्या किल्लीची गरजच नाही. जो तुमची किल्ली मागतो तो बँकेचा नाही, मग तो कितीही गोड बोलो, मराठीत बोलो की हिंदीत. एखादीचे पैसे गेलेच, तर रडत बसण्यात वेळ घालवू नका, घरच्यांना सांगायची भीतीही नंतर. लगेच १९३० या नंबरवर फोन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात, जितक्या लवकर कळवाल तितकं ते मध्येच अडवण्याची शक्यता जास्त.

सिबिल हा शब्द मात्र वेगळ्या जातीचा. “तिचं सिबिल खराब हाय,” असं बाया बोलतात, जशी एखाद्याची तब्येत खराब. सिबिल हे एका कंपनीचं नाव, तेही अक्षरं जोडून केलेलं, आणि त्यातला ‘आय’ म्हणजे इन्फर्मेशन. क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो. कर्जाच्या माहितीचं दुकानच म्हणा. अशा चार कंपन्या देशात आहेत. बँका, बचत गटांना कर्ज देणारे, मायक्रोफायनान्सवाले, सगळे त्यांना कळवतात की अमक्या बाईनं इतकं कर्ज घेतलं, इतके हप्ते वेळेवर, इतके थकले. पुढचा कर्ज देणारा तिथून विचारून घेतो. म्हणजे इथं दोघं आपल्याबद्दल बोलतात आणि आपण खोलीबाहेर. पूर्वी सावकार दुसऱ्या सावकाराला विचारायचा, “कशी आहे हो देण्याला?” तेच, फक्त आता संगणकावर. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक गुण ठरतो.

यात आपल्या गावांमध्ये एक खेळ चालतो, त्याबद्दल स्पष्ट बोलायला पाहिजे. शेजारणीला कर्ज मिळत नाही, कारण तिचे आधीचे हप्ते थकलेत. ती येते, “तुझं आधार दे, अंगठा दे, हप्ते मीच भरीन, तुला पाचशे देते.” आपली माणुसकी जागी होते. पण त्या संगणकात शेजारणीचं नाव नसतं, तुमचं असतं. तिनं दोन हप्ते चुकवले की तुमच्या नावापुढे लागले. दोन वर्षांनी तुम्ही म्हशीसाठी, मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत जाता आणि साहेब म्हणतात, सिबिल बसत नाही. शेजारीण वाईट असते असं नाही, तिचाही धान पावसानं गेलेला असतो. पण तिला मदतच करायची तर गटातून, ठराव करून, तिच्या नावावर करा.

आपल्याबद्दल काय बोललं जातंय ते ऐकायचा हक्क आपल्याला आहे. या प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गावातल्या शिकलेल्या पोरीकडून काढून घ्या, पण तिच्यासमोर स्वतः बसून. फेडलेलं कर्ज अजून बाकी दिसत असेल, न घेतलेलं कर्ज नावावर दिसत असेल, तर तक्रार करता येते. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. आणि मायक्रोफायनान्सचं कर्ज घेताना व्याज, बाकीचे आकार, एकूण किती फेडायचं, हे सगळं एका सोप्या पत्रकावर, आपल्याला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. २०२२ पासून हा नियम आहे. पत्रक इंग्रजीत आलं तर परत करा आणि मराठीत मागा. “तुम्हाला काय कळतं त्यातलं” असं वसुलीवाला म्हणाला, तर हाच नियम त्याला सांगा.

फोनवर ‘अलाऊ’ आणि ‘आय अ‍ॅग्री’ येतं, त्याला कन्सेन्ट म्हणतात, म्हणजे संमती. पोरं दाबून मोकळी होतात, कारण त्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपण आपले फोटो, नंबर, कुठं आहोत ते, असं सगळं देऊन टाकतो. डेटा म्हणजे दिलेलं, असं मी मघाशी म्हटलं ते हेच. संमती मागताना ती इंग्रजीत किंवा आपल्या भाषेत वाचायची सोय हवी, असं २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लिहिलं आहे, मराठीही त्यात आली. हा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. त्यातली एक गोष्ट वाचून मला हसू आलं. आतापर्यंत कायद्यात माणूस म्हटला की इंग्रजीत ‘तो’ असायचा, आणि त्यात बाई धरून घ्यायची. या कायद्यात ‘ती’ लिहिलंय, आणि त्यात पुरुष धरून घ्यायचा. घरी जाऊन सांगा.

शेवटी ‘शेअर’ आणि ‘फॉरवर्ड’. शेअर म्हणजे वाटा. आपण भाजी वाटतो, प्रसाद वाटतो, माहिती मात्र वाटत नाही, सांगतो. फरक बारीक वाटेल, पण आहे. सांगणाऱ्याला तोंड असतं. “कोणी सांगितलं?” म्हटलं की नाव येतं, आणि ती बाई खोटं बोलते का खरं हे गावाला माहीत असतं. फॉरवर्डला तोंड नसतं. “मी कुठं म्हटलं, मी फक्त पुढे पाठवलं.”

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी तिथं आले होते. पोरं पळवणारी टोळी फिरते असे मेसेज त्या भागात मोबाईलवर फिरत होते. लोकांनी त्या पाचांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. कोणाचंही पोर पळवलेलं नव्हतं. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत आयाही असतील, लेकरांच्या काळजीनं पाठवणाऱ्या. त्यांना कोणाला मारायचं नव्हतं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणांहून जास्त पाठवता येणार नाही असं केलं, आणि पुढे पाठवलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दिसू लागली. आपला फोन उघडून बघा. मेसेजच्या वर एक वाकडा बाण असेल तर पाठवणाऱ्यानं तो स्वतः लिहिलेला नाही. दोन बाण असतील तर तो खूप हातांमधून आलेला आहे, आणि मुळात कोणाचा हे तुम्हाला पाठवणाऱ्या बहिणीलाही माहीत नाही. दोन बाणांचा मेसेज पोरांबद्दल, औषधाबद्दल, दुसऱ्या जातीधर्माच्या माणसांबद्दल असेल, तर तो आपल्या फोनवरच मरू द्या. लेकरांची खरंच काळजी वाटली तर पोलीस पाटलाला विचारा, अंगणवाडी ताईला विचारा. त्यांना तोंड आहे.

आपल्या गटाच्या ग्रुपवर एक रीत सुरू केली आहे, ज्यांना बरी वाटेल त्यांनी घ्यावी. दुसरीकडून आलेलं काही टाकायचं तर खाली आपलं नाव आणि ‘मी विचारून घेतलं, अमक्याला’ असं बोलून टाकायचं, आवाजात. लिहायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात ग्रुप अगदी शांत झाला. आता येतं ते थोडं येतं, पण रेशनची तारीख, धान नोंदणीची मुदत, डॉक्टर कधी येणार, असं येतं.

वहीतले ‘सबसिडी’, ‘मार्जिन मनी’ आणि ‘इन्शुरन्स’ हे शब्द आज राहिले. ते पुढच्या भागात घेऊ. तोवर वहीचं मागचं पान चालू ठेवा, आणि ‘केवायसीबाई’ लिहिणाऱ्या गटानं आपलं नाव कळवा, तुमच्या वहीवर नाव घालायचं राहून गेलं आहे.